रिकाम्या भिंतीमागचे कपाट

आमच्या चिरंजीवांनी गेल्या वर्षी इंदुरातच एका नव्या वसाहतीत सदनिका घेतली. गल्लीतले वडिलोपार्जित घर भावाभावांच्या वाटणीत विकले गेले, त्यानंतरची ही गोष्ट. किल्ल्या हाती येताच चिरंजीव आणि सूनबाई यांनी एकमताने जाहीर केले की, बैठकीची खोली जपानी पद्धतीने सजवावयाची. दोघांचे एकमत हा काही नित्याचा प्रसंग नव्हे; तेव्हा आम्हा उभयतांनी फार चौकशी न करता होकार दिला.

यथाकाल सजावटकार आले. त्यांनी मोबाईलच्या पडद्यावर खोलीचे कल्पनाचित्र दाखविले. एका भिंतीवर फुजी पर्वत आणि चेरीचा बहर यांचा चिकटविण्याचा कागद. छताला कागदी गोल दिवे. कोपऱ्यात सोनेरी बुद्धमस्तक. काचेच्या भांड्यात पाण्यात उभ्या केलेल्या हिरव्या बांबूच्या कांड्या. आणि आतल्या खोलीकडे जाणाऱ्या वाटेवर तांबड्या रंगाची एक उंच लाकडी चौकट. चित्राबरोबर एक अटही होती. जुन्या घरातून आणलेल्या बारा तसबिरी, मण्यांचे तोरण, काचेचे कपाट आणि मातोश्रींची आरामखुर्ची यांपैकी काहीही या खोलीत असता कामा नये. कारण जपानी खोली म्हणजे रिकामी खोली.

मातोश्रींचे वय ब्याऐंशी. त्यांनी चित्र पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि नातवाला म्हणाल्या, "छान आहे रे. पण यात आपलं कुणीच दिसत नाही."

त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही. बारा तसबिरी ही संख्या लहान वाटेल. पण महाराष्ट्राबाहेर चार पिढ्या काढलेल्या घरात त्या बारा तसबिरी म्हणजे जवळजवळ सर्व दप्तर असते. पणजोबांची पगडी, आजीची नऊवारी, रविवर्मा छापखान्यातील लक्ष्मी, आत्याने लग्नापूर्वी भरलेला रेशमी मोर. आपण कोठून आलो हे सांगावयास आमच्याजवळ दुसरे काही नाही. जुना वाडा वा चाळ सोडून सदनिकेत जाणाऱ्या आपल्या बहुतेक कुटुंबांपुढे हा प्रश्न आज ना उद्या येतोच, म्हणून तो येथे मांडण्याचे योजिले आहे. प्रश्न अडला की पुस्तकांकडे वळावयाचे, ही शिक्षकी पेशाची खोड. जपानी घर म्हणजे नेमके काय, हे आम्ही वाचावयास घेतले आणि महिनाभरात सजावटकारांचे चित्र एकेक करून पुसले गेले.

प्रथम ती तांबडी चौकट. तिला जपानीत तोरी म्हणतात आणि ती शिंतो देवस्थानाच्या वाटेवर उभी असते. तिच्यापलीकडे देवाची हद्द सुरू होते. ती बैठकीच्या खोलीत उभी करणे म्हणजे आपल्याकडे दिवाणखान्यात दीपमाळ बांधण्यासारखे आहे. बुद्धमूर्ती जपानी घरात असते, पण ती बुत्सुदान नावाच्या देव्हाऱ्यात, पूजेसाठी. नुसते मस्तक कोपऱ्यात शोभेला ठेवावे, ही रीत तेथील जुन्या घरांत नाही. बांबूच्या कांड्यांची तर गंमतच आहे. त्या बांबूच नव्हेत. ती मध्य आफ्रिकेतील एक निराळी वनस्पती असून जपानी घराशी तिचा परंपरेने काही संबंध नाही. राहता राहिले कागदी गोल दिवे. त्यांचा जो घाट आज जगभर पसरला आहे, तो इसामु नोगुची या शिल्पकाराने १९५१ पासून गिफू गावच्या कंदील-कारागिरांकडून करून घेतला. वस्तू सुंदर आहे, हातची आहे. परंतु ती विजेच्या युगातील. जुन्या जपानी घरातला दिवा, आंदोन, हा कागदाने मढविलेल्या चौकटीत जमिनीवरच ठेवलेला असे, छताला टांगलेला नसे. ही जमीन फार महत्त्वाची आहे. जपानी खोलीचे सर्व गणित तिच्यापासून सुरू होते.

त्या खोलीची जमीन म्हणजे तातामी. भाताच्या पेंढ्याचा घट्ट दाबलेला दोन-अडीच इंच जाडीचा थर, त्यावर लव्हाळ्याची विणलेली चटई आणि लांबीच्या दोन्ही कडांना कापडी काठ. एका तातामीची लांबी रुंदीच्या दुप्पट असते: क्योतोकडे १९१ सेंटिमीटर लांब आणि साडेपंचाण्णव रुंद, तोक्योकडे त्याहून थोडी लहान, सुमारे १७६ आणि ८८. एक माणूस आडवा झाला तर मावेल एवढी जागा. खोलीचे मापही फुटांत न सांगता तातामींत सांगतात. सहा तातामींची खोली, आठ तातामींची खोली. साडेचार तातामींची म्हणजे साधारण नऊ-साडेनऊ फूट लांब आणि तितकीच रुंद. क्योतोच्या गिंकाकुजी या मंदिराच्या आवारात १४८६ साली बांधलेली अशी साडेचार तातामींची एक खोली आजही उभी आहे. पायताण घरात शिरतानाच उतरवावयाचे असते, आणि घरात वापरावयाच्या सपातासुद्धा तातामीवर पाऊल टाकण्यापूर्वी काढतात. ओसरीवर चपला काढून जाजमावर बसणाऱ्या आपल्या वाडवडिलांना यात नवे काही वाटले नसते.

या जमिनीवर माणूस बसतो. बसलेल्या माणसाची दृष्टी जमिनीपासून सुमारे अडीच फुटांवर असते. खुर्चीवर बसलेल्याची पावणेचार-चार फुटांवर. हा सवा-दीड फुटाचा फरकच जपानी खोलीचे रूप ठरवितो. खिडकीचा उंबरा, बागेतील दगड, फुलदाणीची उंची, भिंतीवरील चित्राचा मध्य, सारे त्या अडीच फुटांसाठी बेतलेले असते. आता सजावटकारांनी जी खोली दाखविली होती तीत भलामोठा सोफा होता. सोफ्यावर बसून जपानी खोली पाहणे म्हणजे झाडावर चढून रांगोळी पाहण्यासारखे आहे. ती दिसते, पण ज्या अंतरावरून पाहावयाची त्या अंतरावरून दिसत नाही. म्हणून ज्यांना खरोखर या वळणाची खोली करावयाची असेल त्यांनी आधी बैठक खाली आणावी. भिंतीचा विचार मागाहून.

येथे मातोश्रींच्या गुडघ्यांचा प्रश्न आला. त्यांना जमिनीवर बसता येत नाही. सुदैवाने हा प्रश्न जपानलाही पडलेला आहे. तेथेही वृद्धांची संख्या मोठी आहे आणि त्यांचेही गुडघे दुखतात. त्यामुळे तातामीवर ठेवता येतील अशा ठेंगण्या खुर्च्या तेथील घरांतून, मंदिरांतून सर्रास दिसतात. रुतू नयेत म्हणून त्यांच्या पायांना खाली आडव्या पट्ट्या जोडलेल्या असतात. आम्ही आरामखुर्ची तशीच ठेवली. सजावटकारांनी नाक मुरडले. परंतु ज्या खोलीत घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला बसावयास जागा नाही, ती खोली जपानीही नव्हे आणि मराठी तर नव्हेच.

प्रत्यक्ष तातामी आमच्याकडे आणावी का? आम्ही आणली नाही. ती दमट हवेत बुरसते. जपानातही ती उचलून वाळविण्याची, झटकण्याची वहिवाट होती ती यामुळेच. आपल्या पावसाळ्यात फरशीवर ती टिकवावयाची तर दर आठवड्याला उन्हाची वाट पाहावी लागेल. त्यापेक्षा साधी गवताची चटई आणि तिच्यावर बिनचित्राची सतरंजी बरी. जाडी मिळणार नाही, पण पायाला गवताचा स्पर्श मिळेल आणि उचलून झटकता येईल.

दुसरी गोष्ट उजेडाची. जपानी खोलीला भिंती थोड्या आणि सरकते पडदे पुष्कळ. बाहेरच्या बाजूचे ते शोजी: बारीक लाकडी जाळी आणि तिच्यावर एका बाजूने चिकटविलेला पांढरा कागद. हा कागद मुख्यत्वे कोझो नावाच्या तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून करतात. तंतू लांब असल्याने तो पातळ असूनही चिवट असतो. आतल्या दोन खोल्यांमधील ते फुसुमा. त्यांना दोन्ही बाजूंनी जाड कागद, त्यातून उजेड येत नाही. शोजीचा कागद वर्षअखेरीस नव्याने लावण्याची पद्धत आहे, आणि जुना काढण्यापूर्वी मुलांना त्यात बोटाने भोके पाडण्याची मोकळीक पुष्कळ घरांत मिळते. (एरवी वर्षभर त्याच कृत्याबद्दल धपाटा मिळतो.) या कागदातून येणारा उजेड आडवा येतो, वरून येत नाही, आणि खोलीत जसजसा आत शिरतो तसतसा मंद होत जातो.

जुन्इचिरो तानिझाकी या कादंबरीकाराने १९३३-३४ मध्ये अंधाराच्या सौंदर्यावर एक दीर्घ निबंध लिहिला, तो याच विषयावर. आम्हाला त्याची सुरुवात फार आवडली, कारण ती घर बांधणाऱ्या गृहस्थाच्या रडगाण्याने होते. विजेच्या तारा कोठे लपवाव्या, गॅसची नळी कोठून न्यावी, टेलिफोन जिन्याखाली दडवावा काय! त्याने स्वतःच्या घरात शोजीला आतून कागद आणि बाहेरून काच अशी दुहेरी योजना केली. खर्च वाढला आणि काचेमुळे कागदाची मृदुता गेली ती गेलीच. पुढे तो सांगतो की, लाखकामाच्या काळ्या भांड्यावरील सोनेरी नक्षी ही झगमगत्या दिव्याखाली पाहण्यासाठी नाहीच. ती मिणमिणत्या उजेडात अर्धी दिसावी, अर्धी लपावी, यासाठी आहे. आमच्या घरी गौरीपुढच्या समईच्या उजेडात जरीचा काठ कसा दिसतो आणि ट्यूबलाईटखाली तोच कसा दिसतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

तेव्हा छताच्या मधोमध लावलेला झगझगीत दिवा हा या खोलीचा पहिला शत्रू. तो काढून दोन लहान दिवे खाली, भिंतीच्या कडेला ठेवावेत. खिडकीला कागद लावणे आमच्या धुळीच्या गावात वेडेपणाचे होईल. पण बिनकाठाचे पातळ महेश्वरी सुती कापड सरळ ताणून लावले, त्याला चुण्या पडू दिल्या नाहीत, तर सकाळचा उजेड बराचसा तसाच गाळून येतो. महेश्वर आम्हाला हाकेच्या अंतरावर. ज्यांना ते दूर पडेल त्यांनी आपल्या गावचे विणकर पाहावेत.

उन्हाळ्याविषयीही एक शब्द लिहिला पाहिजे. चौदाव्या शतकातील केन्को नावाच्या संन्यासी लेखकाचे मत असे होते की, घराची आखणी उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून करावी. हिवाळ्यात माणूस कोठेही राहू शकतो. जपानी घराची मोकळी बाजू, खोल वळचण, सरकत्या भिंती या त्या विचाराला धरून आहेत. याचा एक नमुना भारतातही आहे. अंतोनिन रेमंड हा वास्तुतज्ज्ञ अनेक वर्षे तोक्योत काम करीत होता. त्याने दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे पाँडिचेरीच्या श्रीअरविंद आश्रमासाठी गोलकोंड नावाचे निवासस्थान उभारले. सबंध भिंतीच फिरत्या पट्ट्यांच्या, आतले दरवाजे सागवानी पट्ट्यांचे आणि सरकते. वारा इमारतीतून आरपार जातो. त्यात फुजी पर्वताचे चित्र कोठेही नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. जपानी बैठकीच्या खोलीत एका भिंतीला एक कोनाडा असतो. त्याला तोकोनोमा म्हणतात. खोलीच्या जमिनीहून किंचित उंच, खोली हात-दोन हात, एका बाजूला एक खांब. हा खांब बहुधा निवडक लाकडाचा, कधी सालीसकट ठेवलेल्या बुंध्याचा असतो. कोनाड्यात पाय ठेवावयाचा नाही. आत एक उभे गुंडाळीचे चित्र किंवा सुलेखन टांगलेले, आणि खाली एखादे फूल. बस्स. सबंध खोलीत पाहावयाची वस्तू हीच. पाहुणा प्रथम त्या कोनाड्यापुढे बसून ती पाहतो आणि मग सन्मानाच्या जागी बसतो. ती जागा कोनाड्याकडे पाठ करून असते. ऋतू पालटला, प्रसंग पालटला की चित्र पालटते. उतरविलेले चित्र गुंडाळून किरी नावाच्या हलक्या लाकडाच्या पेटीत जाते.

या एकाच वस्तूच्या महत्तेची एक कथा प्रसिद्ध आहे. सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) हा चहाविधीचा सर्वश्रेष्ठ आचार्य. क्योतोजवळच्या यामाझाकी गावी त्याची म्हणून मानली जाणारी चहाची खोली आजही आहे. ती अवघी दोन तातामींची. त्याच्या बागेत निळ्या फुलांचे, सकाळी उमलून दुपारी मिटणारे वेल फुलले आहेत अशी वार्ता त्या वेळचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या कानी गेली. तो पहाटे पाहावयास आला, तर बागेत एकही फूल नाही. सारे खुडून टाकलेले. रागारागाने तो खोलीत शिरला आणि पाहतो तो कोनाड्यात एकच फूल. हाच हिदेयोशी असा होता की, त्याने भिंती, छत, सर्व सोन्याने मढविलेली, सुटी करून नेता येण्याजोगी एक चहाची खोली करविली होती आणि १५८६ मध्ये ती क्योतोच्या राजवाड्यात मांडून सम्राटाला दाखविली होती. पुढे १५९१ मध्ये त्याच्याच आज्ञेवरून रिक्यूला आत्महत्या करावी लागली. फुलाची कथा सांगणारे हा शेवट बहुधा सांगत नाहीत.

ही कथा जगभर पोहोचविली ओकाकुरा काकुझो याने. हा गृहस्थ १९०२ साली भारतात होता, ठाकूर कुटुंबात मिसळला होता, आणि १९०६ मध्ये त्याने चहावर एक छोटे इंग्रजी पुस्तक लिहिले. त्यात तो पाश्चात्त्य दिवाणखान्यांची थट्टा करतो: यजमानाशी बोलत बसावे, तर त्याच्या पाठीमागून त्याचेच पूर्णाकृती तैलचित्र आपल्याकडे रोखून पाहते आहे, दोघांपैकी खरा कोण! पुढे १९१६ मध्ये रवींद्रनाथ जपानला गेले, तेव्हा त्यांच्याही डोळ्यांत भरले ते तेथील खोल्यांतील मोकळेपण. त्यांच्या ‘जपान-यात्री’ या प्रवासवर्णनात ते नमूद आहे. चिरंजीवांनी हे सारे ऐकून विजयी मुद्रेने विचारले, "मग सजावटकार तरी निराळे काय म्हणत होते, बाबा? तसबिरी काढाच म्हणत होते ना?"

काढा, एवढेच ते म्हणत होते. काढून ठेवावयाच्या कोठे, हे ते म्हणत नव्हते.

जपानी घरात रिकाम्या खोलीच्या पाठीमागे भरलेली जागा असते, हे वरवर पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही, कारण छायाचित्रे नेहमी रिकाम्या खोलीचीच निघतात. पहिली अशी जागा म्हणजे ओशिइरे: फुसुमाच्या सरकत्या दारांमागचे भिंतीतील कपाट, सुमारे सहा फूट रुंद, तीन फूट खोल, मध्ये एक आडवी फळी. रात्रीच्या गाद्या सकाळी गुंडाळून त्यात जातात, म्हणूनच तीच खोली दिवसा बैठक होते. आपल्याकडे वळकट्या रचण्याची घडवंची असे तिचेच हे बंद दारांचे रूप. दुसरी जागा म्हणजे कुरा, सधन घरांचे स्वतंत्र कोठार. त्याच्या भिंती मातीच्या, फूट-फूट जाडीच्या, वर चुन्याचा गिलावा. कारण लाकूड आणि कागद यांच्या शहरांना आगीचे भय कायमचे. १६५७ च्या आगीत एदो शहर, म्हणजे आजचे तोक्यो, अर्ध्याहून अधिक जळाले. आग लागली तर राहते घर जाईल. चित्रे, भांडी, वस्त्रे, हिशेबाच्या वह्या कोठारात वाचतील. तेथून ऋतुमानाप्रमाणे एकेक वस्तू बाहेर यावयाची आणि परत जावयाची. म्हणजे ते लोक वस्तू कमी बाळगीत होते असे नव्हे. एका वेळी एक दाखवीत होते.

मुलींच्या सणाच्या बाहुल्यांचे उदाहरण घ्या. ३ मार्चच्या या सणासाठी राजा, राणी, दासी, वादक अशा बाहुल्या पेट्यांतून निघतात, तांबड्या कापडाच्या पायऱ्यांवर मांडल्या जातात, आणि सण सरताच लगोलग कागदात गुंडाळून परत पेटीत. आवरावयास उशीर केला तर त्या घरच्या मुलीचे लग्न लांबते, अशी समजूत आहे. हे वाचून दाखविले तेव्हा मातोश्री प्रथमच हसल्या. "मग आपल्या चैत्रगौरीचं काय वेगळं आहे?" त्या म्हणाल्या. "आणि भाद्रपदातल्या गौरीचे मुखवटे? तीन दिवस बाहेर, बाकी वर्षभर डब्यात. वर्षभर भिंतीवर टांगले असते तर त्यांच्याकडे कुणी बघितलं असतं?"

महिनाभर पुस्तके चाळून आम्ही जेथे पोहोचलो, तेथे त्या अगोदरच बसलेल्या होत्या.

तसबिरींपुरते आणखी एक सांगावयाचे राहिले. जपानी घरात पूर्वजांच्या तसबिरी नसतात, ही समजूतही खोटी. तेथील खेड्यांतील पुष्कळ घरांत, देव्हाऱ्याच्या खोलीत, दारांच्या वरच्या आडव्या पट्टीवर दिवंगत वडीलधाऱ्यांची छायाचित्रे ओळीने लावलेली असतात. उन्हाळ्यातील बोन या दिवसांत पितर घरी येतात असे मानून त्यांचे स्वागत करतात. आपल्या पितृपक्षाचाच भाव. आणि आजचा जपान पाहावयाचा तर तेथील साध्या माणसांची शहरातील लहान घरे बहुधा सामानाने ठासून भरलेली असतात. क्योइची त्सुझुकी या छायाचित्रकाराने १९९३ मध्ये तोक्योतील अशा घरांच्या छायाचित्रांचे अख्खे पुस्तकच काढले. नव्या सदनिकांत तातामीची खोली एखादी, किंवा तीही नाही. तेव्हा आपण ज्याला जपानी घर म्हणतो तो तेथीलही सर्वांचा आजचा संसार नव्हे.

आमच्या सौभाग्यवतींनी मात्र मुद्द्याचा प्रश्न केला: "रोज हे उचलून ठेवणार कोण?" रिकामेपण हे वस्तूसारखे एकदा विकत आणून ठेवता येत नाही, ते दररोज सकाळी करावे लागते. जपानी घरांतही गाद्या उचलणारे, वाळविणारे, बाहुल्या गुंडाळणारे हात बहुतेक स्त्रियांचेच होते, आणि खोलीची कीर्ती झाली ती चहाच्या आचार्यांच्या नावाने. सूनबाई बँकेत नोकरी करतात. तेव्हा असे ठरले की, कपाटाचे काम आमच्याकडे. निवृत्ती जवळ आलेल्या मुख्याध्यापकास काही तरी हवेच.

शेवटी झाले ते असे. सजावटकारांकडून फक्त सुतारकाम घेतले. एका भिंतीला सहा फूट रुंद, दोन फूट खोल कपाट, त्याला साधी सरकती दारे, बिनपॉलिशची. आत तसबिरी उभ्या राहतील असे बारा खण. प्रत्येक तसबीर जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. कपाटाशेजारी तीन फूट रुंदीचा, दीड फूट खोलीचा कोनाडा, जमिनीपासून वीतभर उंच, मातकट रंगाचा. खांब म्हणून चिरंजीवांनी, घर पाडणाऱ्या कंत्राटदाराकडे जाऊन, आमच्याच ओसरीचा एक सागवानी खांब पैसे मोजून परत आणला. त्यावर दिवा टांगण्याच्या खिळ्याभोवती काजळीचा डाग होता. तो तासू नये म्हणून सुताराला दोनदा बजावावे लागले. त्याला तो दोष वाटत होता.

कोणत्या महिन्यात कोणती तसबीर, याची नोंद आम्ही शाळेच्या हजेरीपटासारखी आखून कपाटाच्या दारावर आतून लावली. चैत्रात मण्यांचे तोरण आणि खाली वाटीत मोगरा. आषाढात आत्याचा रेशमी मोर. आश्विनात लक्ष्मी. पूर्वी बारा एकदम भिंतीवर असताना ज्या मोराकडे वीस वर्षांत कोणी पाहिले नव्हते, त्याच्याविषयी आषाढात आलेल्या प्रत्येक पाहुण्याने विचारले, आणि मातोश्रींनी प्रत्येकाला आत्याची सबंध हकीकत सांगितली. ती हकीकत आमच्या चिरंजीवांनीही प्रथमच ऐकली.

वाद झाला तो भाद्रपदात. पितृपक्षासाठी आजोबांची तसबीर काढली, तेव्हा मातोश्री म्हणाल्या, "आणि आजी?" चिरंजीवांनी समजाविले की, कोनाड्यात एका वेळी एक, हा नियम, आजीला कार्तिकात आणू. मातोश्री आरामखुर्चीवरून उठल्या नाहीत, आवाजही चढविला नाही. "पन्नास वर्षं एका घरात राहिली ती दोघं. आता पाळीपाळीनं यायचं का?"

चिरंजीवांनी हातोडी आणून दुसरा खिळा ठोकला.

पितृपक्ष संपल्यावर सजावटकार उरलेले पैसे न्यावयास आले होते. कोनाड्यात त्या दिवशी एकच तसबीर होती आणि शेजारी तो रिकामा खिळा. त्यांनी तो काढून भोक बुजवून देतो, त्याचे काही घेणार नाही, असे सांगितले. सूनबाई चहा घेऊन येत होत्या. "राहू द्या," त्या म्हणाल्या, "भाद्रपदात लागतो तो."